व्हिज्युअल बेसिकचे स्थित्यंतर : व्यावसायिक आज्ञावली निर्मितीच्या साधनातील नवी वैशिष्ट्ये आणि अबोल बदल

गोषवारा

व्यावसायिक आज्ञावली तयार करण्याचे एखादे साधन नव्या आवृत्तीत प्रवेश करते तेव्हा त्यात पडलेल्या भरीची चर्चा पुष्कळ होते. परंतु जुन्या आज्ञावलीचा अर्थ नेमका कोठे बदलला याची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते. प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक ६ (१९९८) पासून व्हिज्युअल बेसिक डॉट नेट (२००२) पर्यंतच्या स्थित्यंतराचा परामर्श घेण्यात आला आहे. या स्थित्यंतरातील बदलांचे ‘बोलके’ व ‘अबोल’ असे दोन वर्ग पाडून, कंपायलर जे बदल दाखवून देतो ते तुलनेने स्वस्त आणि जे दाखवीत नाही तेच खरे महाग, असे प्रतिपादन केले आहे. संगणकशास्त्र, वाणिज्य व व्यवस्थापन या शाखांच्या अध्यापकांना या उदाहरणातून काय घेता येईल, याचाही विचार अखेरीस केला आहे.

बीजशब्द : व्हिज्युअल बेसिक, डॉट नेट, आवृत्तीबदल, मागील आवृत्तीशी सुसंगतता, युनिकोड, समांतर चाचणी.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाचे कार्यालय हे व्यावसायिक आज्ञावलीचे आपल्या सर्वांच्या परिचयाचे असे क्षेत्र आहे. शुल्काची पावती, ग्रंथालयातील देवघेव, कर्मचाऱ्यांचे वेतनपत्रक आणि विद्यार्थ्यांचे निकालपत्रक ही सर्व कामे आज संगणकावर होतात. १९९८ नंतरच्या दशकात अशा कामांसाठी ज्या आज्ञावली लिहिल्या गेल्या त्यांतील बऱ्याचशा व्हिज्युअल बेसिक ६ या साधनात तयार झाल्या होत्या. संगणकाच्या पदवी अभ्यासक्रमांतही हा विषय त्या काळी शिकविला जात असे. अनेक विद्यार्थ्यांचा अंतिम वर्षाचा प्रकल्प याच भाषेत होत असे.

अशी आज्ञावली नव्या साधनात नेताना सामान्यतः एकच प्रश्न विचारला जातो : ‘ती चालते का?’ प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. ‘ती पूर्वी जे उत्तर देत होती तेच उत्तर आजही देते का?’ हा खरा प्रश्न आहे. या दोन प्रश्नांमध्ये जे अंतर आहे तेच या लेखाचे विवेच्य होय.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

बेसिक ही भाषा मुळात महाविद्यालयात जन्माला आली. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमधील जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या अध्यापकांनी १९६४ साली ती तयार केली. विज्ञानेतर शाखांतील विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. पुढे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मायक्रोसॉफ्टचे पहिले उत्पादनही आल्टेअर या छोट्या संगणकासाठी लिहिलेली बेसिक हेच होते.

व्हिज्युअल बेसिकची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. ॲलन कूपर यांनी तयार केलेले पडद्यावरील आराखडा रचण्याचे साधन मायक्रोसॉफ्टने विकत घेतले होते. त्याला बेसिक भाषेची जोड देऊन हे साधन साकारले. फॉर्मवर बटण ओढून ठेवावे, त्यावर दोनदा क्लिक करावे आणि ते दाबल्यावर काय घडावे ते लिहावे, इतकी सोपी ही पद्धत होती. पुढील आवृत्त्यांत डेटाबेसशी जोडणी, ३२ बिटांचा आधार (१९९५) आणि यंत्रभाषेत थेट रूपांतर (१९९७) यांची भर पडत गेली. १९९८ ची सहावी आवृत्ती ही या परंपरेची परिणती होती. लेखापाल, अभियंते, अध्यापक अशा संगणकशास्त्राचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या अनेकांनीही तिच्या आधारे आपापल्या कामाच्या आज्ञावली लिहिल्या. म्हणूनच या भाषेतील बदलाचा धक्का व्यावसायिक प्रोग्रॅमरपुरता मर्यादित राहिला नाही.

२००० मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉट नेट या नव्या व्यवस्थेची घोषणा केली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेट बाजारात आले. त्यातील व्हिज्युअल बेसिकचे नाव जुने असले तरी त्याचा पाया सर्वस्वी नवा होता.

३. नवी वैशिष्ट्ये

नव्या साधनाचे गुण आधी मांडणे न्याय्य ठरेल, कारण हे स्थित्यंतर निष्कारण झाले नव्हते.

(अ) समान कार्यव्यवस्था : डॉट नेटमध्ये भाषा कोणतीही असली तरी तिचे रूपांतर एका समान मध्यस्थ भाषेत होते आणि ती एकाच कार्यव्यवस्थेवर चालते. त्यामुळे व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला वर्ग सी शार्पमध्ये वापरता येऊ लागला व एकच विस्तृत ग्रंथालय सर्व भाषांना उपलब्ध झाले.

(आ) पूर्ण वस्तुनिष्ठ रचना : सहाव्या आवृत्तीत वर्ग लिहिता येत असत, परंतु एका वर्गावरून दुसरा वर्ग विस्तारण्याची, म्हणजे वारशाची सोय नव्हती. ती आता मिळाली.

(इ) त्रुटी हाताळणी : पूर्वी ‘ऑन एरर गोटू’ या आज्ञेने त्रुटी आल्यास विशिष्ट ओळीवर उडी मारली जात असे. नव्या ‘ट्राय, कॅच, फायनली’ या रचनेत प्रयत्न, त्रुटीवरील उपाय आणि अखेरची आवराआवर यांचे कप्पे स्वच्छ वेगळे झाले. जुनी आज्ञाही कायम ठेवण्यात आली.

(ई) डेटाबेसची नवी पद्धत : पूर्वीच्या प्रचलित पद्धतीत वापरकर्ता काम करीत असेपर्यंत डेटाबेसशी जोडणी बहुधा चालूच ठेवली जाई. एडीओ डॉट नेटमध्ये माहिती घ्यावी, जोडणी सोडावी, काम करावे आणि बदल लिहिण्यापुरती पुन्हा जोडणी करावी, ही पद्धत रूढ झाली. एकाच वेळी अनेक वापरकर्ते असलेल्या व्यवस्थेस ती अधिक मानवते.

(उ) स्थापनेतील सुलभता : एक आज्ञावली बसविली की तिच्यासोबत आलेल्या सामाईक फाइलमुळे दुसरी बंद पडते, हा अनुभव त्या काळी सार्वत्रिक होता. एकाच घटकाच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतील अशी व्यवस्था डॉट नेटने केली.

(ऊ) युनिकोडचा आधार : मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने हे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य होय. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

४. बोलके बदल

जे बदल कंपायलर स्वतः दाखवून देतो त्यांना येथे ‘बोलके बदल’ म्हटले आहे. ‘गोसब’ ही आज्ञा काढून टाकण्यात आली. ‘वेंड’ ऐवजी ‘एंड व्हाइल’ आले. फॉर्मवरील एकाच नावाच्या अनेक घटकांची मालिका करण्याची सोय गेली. ‘इफ’ च्या आत घोषित केलेले चल त्याच्या बाहेर दिसेनासे झाले. दिनांक पूर्वी आतून साधी संख्या म्हणून साठविला जाई. ३० डिसेंबर १८९९ हा शून्य दिवस धरून पुढील दिवस मोजले जात. त्यामुळे दिनांकात १ मिळविला की दुसरा दिवस मिळे. नव्या भाषेत दिनांक हा स्वतंत्र प्रकार झाला आणि अशी बेरीज कंपायलर नाकारू लागला.

या यादीने जुन्या प्रोग्रॅमरला मनस्ताप दिला हे खरे. परंतु यातील प्रत्येक अडचण कंपायलरने नावागावासह, ओळीच्या क्रमांकासह सांगितली. ती दुरुस्त केल्याशिवाय आज्ञावली पुढे सरकतच नाही. असा बदल त्रासदायक असतो, फसवा नसतो. त्याचा खर्च आधी कळतो, म्हणून त्याचा अंदाजही बांधता येतो.

५. अबोल बदल

याउलट काही ओळी जुन्या व नव्या दोन्ही भाषांत वैध आहेत. फक्त त्यांचा अर्थ बदलला आहे. कंपायलर तक्रार करीत नाही, आज्ञावली चालते आणि उत्तर मात्र निराळे येते. अशा पाच बदलांचे विवेचन येथे केले आहे.

५.१ एका ओळीतील दोन चले

‘डिम सरासरी, विषय ॲज इंटिजर’ अशी ओळ कल्पावी. वाचणाऱ्यास वाटते की दोन्ही चले पूर्णांक आहेत. सहाव्या आवृत्तीत तसे नव्हते. तेथे ‘विषय’ हे चल पूर्णांक होई, परंतु ‘सरासरी’ हे कोणतीही किंमत धारण करणारे ‘व्हेरिअंट’ होई. नव्या भाषेत दोन्ही चले पूर्णांक होतात.

आता आठ विषयांत मिळून ४७६ गुण मिळविलेला विद्यार्थी घ्यावा. त्याची सरासरी ५९.५ येते. जुन्या आज्ञावलीत ‘सरासरी’ मध्ये ५९.५ हीच किंमत राही आणि साठची मर्यादा न गाठल्याने त्यास द्वितीय वर्ग मिळे. नव्या भाषेत तीच ओळ ५९.५ चे ६० करते आणि विद्यार्थ्यास प्रथम वर्ग मिळतो. येथे आणखी एक सूक्ष्म बाब आहे. अर्ध्याचे पूर्णांकात रूपांतर करताना ही भाषा जवळच्या सम संख्येकडे जाते, म्हणून ५९.५ चे ६० होतात, परंतु ५८.५ चे ५९ न होता ५८ होतात. म्हणजे चूक सर्वांना सारखी लागू होत नाही. काहींचा लाभ होतो, काहींची हानी होते आणि एकूण निकालाची टक्केवारी पाहून संशय येण्याचे कारण उरत नाही.

५.२ प्राचलाची देवाणघेवाण

एखाद्या उपक्रमास दुसऱ्या उपक्रमाकडून चल दिले जाते तेव्हा मूळ चल द्यावयाचे की त्याची प्रत द्यावयाची, हा प्रश्न असतो. स्पष्ट काही लिहिले नसल्यास सहाव्या आवृत्तीत मूळ चल दिले जाई. डॉट नेटमध्ये प्रत दिली जाते. नवा नियम निःसंशय अधिक सुरक्षित आहे. तथापि ग्रेस गुण मिळविण्याचा एक उपक्रम आहे व तो आपल्याला मिळालेल्या ‘एकूण’ या चलात गुण वाढवितो, असे समजा. जुन्या व्यवस्थेत ही वाढ मूळ बेरजेत दिसत असे. नव्या व्यवस्थेत वाढ प्रतीत होते, प्रत नष्ट होते आणि मूळ बेरीज होती तशीच राहते. २००२ च्या संपादकात जुनी ओळ चिकटवली की ‘बायव्हॅल’ हा शब्द तेथे आपोआप उमटत असे. तो शब्द पाहून थबकणारा प्रोग्रॅमर वाचला, न थबकणारा फसला.

५.३ पूर्णांकाचा आकार

जुन्या ‘इंटिजर’ ला १६ बिट होते व त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ होती. पावती क्रमांक ३२,७६८ वर पोहोचला की आज्ञावली बंद पडण्याचा प्रसंग यातूनच येई. नव्या भाषेत ‘इंटिजर’ ३२ बिटांचा आणि ‘लाँग’ ६४ बिटांचा झाला. १६ बिटांसाठी ‘शॉर्ट’ हा प्रकार उरला. गणितात यामुळे सोयच झाली. अडचण आली ती साठविलेल्या फाइलींत. हजेरी क्रमांक २ बाइट, नाव ३० बाइट व एकूण गुण २ बाइट अशी ३४ बाइटची नोंद जुन्या फाइलीत असेल, तर ‘इंटिजर’ हाच शब्द कायम ठेवलेली नवी आज्ञावली तीच नोंद ३८ बाइटची समजून वाचते. पहिल्याच नोंदीपासून नावांची व गुणांची सरमिसळ होते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. म्हणून अबोल बदलांत ती सर्वांत सौम्य म्हणावी लागेल.

५.४ रुपये आणि पैसे

पैशाच्या हिशेबासाठी सहाव्या आवृत्तीत ‘करन्सी’ हा प्रकार होता. तो दशांश चिन्हानंतर नेमकी चार स्थळे ठेवी व पुढचे पूर्णांकित करी. डॉट नेटमध्ये तो प्रकार वगळण्यात आला आणि त्याची जागा ‘डेसिमल’ ने घेतली. ‘डेसिमल’ मध्ये सुमारे २८ अंकांची अचूकता असते. म्हणजे नवा प्रकार अधिक अचूक आहे. अडचणही नेमकी येथेच आहे. १०० रुपयांचा तिसरा हिस्सा जुन्या चलात ३३.३३३३ असा साठविला जाई. नव्या चलात तो पुढे चालूच राहतो. एका नोंदीतील हा फरक जास्तीत जास्त ०.००००५ रुपये. परंतु दहा हजार नोंदींच्या बेरजेत तो ५० पैशांपर्यंत जाऊ शकतो. लेखापालाच्या दृष्टीने तेरीज न जुळण्यास ५० पैसे पुरेसे असतात. जुने व नवे यांपैकी बरोबर कोणते, हा वाद येथे गौण आहे. गतवर्षीच्या लेखापरीक्षित आकड्यांशी यंदाचे आकडे जुळत नाहीत, ही वस्तुस्थिती महत्त्वाची आहे.

५.५ वस्तूचे आयुष्य

सहाव्या आवृत्तीत एखाद्या वस्तूचा शेवटचा संदर्भ सुटला की ती त्याच क्षणी नष्ट होई व तिच्या अखेरच्या उपक्रमात लिहिलेले काम, उदाहरणार्थ डेटाबेसची जोडणी बंद करणे, तत्काळ पार पडे. डॉट नेटमध्ये निरुपयोगी वस्तू गोळा करण्याचे काम कार्यव्यवस्था स्वतःच्या सवडीने करते. वस्तू नष्ट होईल हे निश्चित, कधी होईल हे अनिश्चित. त्यामुळे जुन्या सवयीने लिहिलेल्या आज्ञावलीत जोडण्या उघड्या राहतात. एसक्यूएल सर्व्हरसाठीच्या जोडण्यांच्या साठ्याची मूळ मर्यादा १०० असते. चाचणीच्या वेळी दोन-तीन व्यक्ती काम करीत असताना ती मर्यादा कधीच गाठली जात नाही. प्रवेशाच्या दिवसांत, सर्व खिडक्या चालू असताना ती गाठली जाते व पुढील वापरकर्ता ताटकळत राहतो. दोष आज्ञावलीत पहिल्या दिवसापासून असतो. तो उघड होण्यासाठी गर्दीची वाट पाहतो, इतकेच. यावरील उपाय म्हणजे जोडणी स्वतः स्पष्टपणे बंद करणे. २००५ च्या आवृत्तीत ‘युझिंग’ ही रचना आल्यावर ते सोपे झाले.

६. अपग्रेड विझार्ड : साहाय्य आणि मर्यादा

जुनी आज्ञावली नव्या भाषेत नेण्यासाठी मायक्रोसॉफ्टने कोस्टा रिका येथील आर्टिनसॉफ्ट या कंपनीच्या सहकार्याने अपग्रेड विझार्ड उपलब्ध करून दिला होता. वर वर्णिलेल्या बदलांपैकी काहींची काळजी तो चोख घेत असे. ‘इंटिजर’ च्या जागी तो ‘शॉर्ट’ लिही, प्राचलापुढे ‘बायरेफ’ हा शब्द घाली आणि एका ओळीतील दोन चले वेगळी करी. जेथे त्याची मती चालत नसे तेथे तो आज्ञावलीतच सूचना लिहून ठेवी.

तथापि ‘करन्सी’ चे ‘डेसिमल’ तो करीतच असे, कारण दुसरा पर्याय भाषेत नव्हता. वस्तू नष्ट होण्याची निश्चित वेळही त्याला परत आणता येत नसे. म्हणजे शब्द बदलणे यंत्राला जमले; त्या शब्दांमागील गृहीत तपासणे माणसाकडेच राहिले. आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. हा विझार्ड २००२ ते २००८ या आवृत्त्यांसोबत मिळत असे. २०१० च्या आवृत्तीतून तो काढून टाकण्यात आला. त्यानंतर जुनी आज्ञावली हाताने उतरवून घेणाऱ्यास ५.१ ते ५.३ मधील धोके अधिकच जवळ आले.

७. बदलाचे ओझे कोणावर?

या स्थित्यंतरातील एक प्रसंग विशेष बोधप्रद आहे. डॉट नेटच्या पहिल्या चाचणी आवृत्तीत ‘ट्रू’ ची संख्यात्मक किंमत उणे १ ऐवजी १ करण्यात आली होती. तसेच ‘अँड’ व ‘ऑर’ यांचा अर्थ असा बदलला होता की, डाव्या बाजूवरूनच उत्तर निश्चित झाल्यास उजवी बाजू तपासलीच जाऊ नये. इतर भाषांशी मेळ घालण्याच्या दृष्टीने दोन्ही बदल तर्कशुद्ध होते. परंतु उजव्या बाजूस एखादा उपक्रम असेल व तो नोंद लिहिण्याचे काम करीत असेल, तर ती नोंद गुपचूप वगळली जाणार होती. जुन्या प्रोग्रॅमरांनी यास तीव्र हरकत घेतली आणि २००१ च्या दुसऱ्या चाचणी आवृत्तीत हे बदल मागे घेण्यात आले. नव्या अर्थासाठी ‘अँडऑल्सो’ व ‘ऑरएल्स’ हे नवे शब्द देण्यात आले. नवा अर्थ हवा असेल तर नवा शब्द द्यावा, जुन्या शब्दात तो घालू नये, हे तत्त्व येथे मान्य झाले. वर पाहिलेल्या पाच बदलांपैकी बहुतेकांत ते पाळले गेले नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

सहाव्या आवृत्तीचा मुख्य पाठिंबा मार्च २००५ मध्ये व विस्तारित पाठिंबा एप्रिल २००८ मध्ये संपला. २००५ मध्ये अनेक नामवंत प्रोग्रॅमरांनी जुनी भाषा नव्या साधनात पुढे चालू ठेवावी, अशी विनंती सामूहिक निवेदनाद्वारे केली. ती मान्य झाली नाही. मात्र सहाव्या आवृत्तीत तयार झालेल्या ३२ बिटांच्या आज्ञावली चालण्यासाठी लागणारा आधार विंडोजच्या पुढील आवृत्त्यांत, विंडोज ११ मध्येही, कायम ठेवण्यात आला आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, जुनी आज्ञावली आजही चालते. ती दुरुस्त करण्याचे साधन मात्र पाठिंब्याविना राहिले आहे. चालणारी वस्तू कोणी बदलत नाही आणि बदलण्याची वेळ येते तेव्हा ती जाणणारा माणूस सेवानिवृत्त झालेला असतो.

८. मराठी मजकुराचा प्रश्न

आपल्या प्रदेशातील आज्ञावलींना या स्थित्यंतरात एक स्वतंत्र पदर आहे. सहाव्या आवृत्तीत अक्षरमाला आतून युनिकोडमध्ये असली तरी फॉर्मवरील नेहमीचे घटक मजकूर दाखविताना तो जुन्या एकबाइटी संकेतात बदलून घेत. देवनागरीसाठी विंडोजमध्ये असा एकबाइटी संकेत नसल्याने युनिकोडमधील मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले होते. परंतु व्यवहारात अनेकांनी फॉन्टवर आधारित मार्ग स्वीकारला. साठविलेला संकेत रोमन अक्षराचा आणि त्याजागी फॉन्टने काढलेले चित्र देवनागरीचे, असा तो मार्ग होता.

पडद्यावर व कागदावर हे ठीक दिसे. परंतु अशा फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठविली जाते, कारण ती डावीकडे दिसते. परिणामी नावांची अकारविल्हे यादी मागितल्यास किरण, दिलीप व विजय ही नावे एकाच ठिकाणी गोळा होत. संगणकाच्या दृष्टीने ती सर्व एकाच चिन्हापासून सुरू होत असत.

डॉट नेटमधील घटक मुळातच युनिकोडवर आधारित असल्याने हा प्रश्न सुटला. पण नव्या मजकुरापुरताच. अपग्रेड विझार्ड आज्ञावली बदलतो, साठविलेली माहिती बदलत नाही. जुन्या फॉन्टमधील हजारो नावे युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक संकेताचे रूपांतर करावे लागते, वेलांटी व रफार यांचे स्थान बदलावे लागते आणि डेटाबेसमधील स्तंभांचा प्रकारही युनिकोड धारण करणारा करावा लागतो. गुणपत्रिकेवरील नाव हे विद्यार्थ्याच्या पुढील आयुष्यातील प्रत्येक कागदपत्राशी निगडित असते. त्यामुळे हे काम तांत्रिक कर्मचाऱ्यावर सोपवून मोकळे होण्यासारखे नाही. रूपांतरित नावांचे वाचन जाणत्या व्यक्तीनेच केले पाहिजे.

९. पुढील वाटचाल

२००५ च्या आवृत्तीत फॉर्मचा थेट नावाने वापर करणे, आज्ञावली चालू असताना दुरुस्त करणे अशा जुन्या सोयी परत आल्या. २००८ मध्ये भाषेतूनच माहितीसंचावर प्रश्न विचारण्याची सोय व २०१० मध्ये ओळ पुढे नेण्यासाठीच्या अधोरेषेतून बऱ्याच अंशी सुटका मिळाली. मार्च २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक भाषेत यापुढे नवी भर घालण्याचा मानस नसल्याचे जाहीर केले. नव्या डॉट नेटवर ती चालत राहील, असेही सांगितले.

दरम्यान २०१६ पासून डॉट नेटचाच नवा अवतार आकारास आला आहे. त्याच्या दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्त्यांनाही तीन वर्षांचीच मुदत असते आणि जुन्या व्यवस्थेतील वेब फॉर्म्ससारखे घटक त्यात आणलेले नाहीत. म्हणजे २००२ मध्ये धाडसाने डॉट नेटकडे वळलेल्यांपुढेही स्थित्यंतराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. म्हणूनच आवृत्तीबदल ही आपत्ती न मानता नियमित कामकाजाचा भाग मानणे श्रेयस्कर ठरते.

१०. अध्यापनाच्या दृष्टीने विचार

आपल्या अभ्यासक्रमांत नवे साधन आले की जुने वगळले जाते. विद्यार्थी नव्या कागदावर नवी आज्ञावली लिहावयास शिकतो. नोकरीत मात्र त्याच्या वाट्यास बहुधा दुसऱ्याने लिहिलेली, जुनी, चालू असलेली आज्ञावली येते. ती वाचणे, तिच्यातील गृहीते ओळखणे आणि तिचे उत्तर न बदलता तिला नव्या व्यवस्थेत नेणे हे कौशल्य क्वचितच शिकविले जाते. या दृष्टीने पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

(१) प्रात्यक्षिकात एक तरी कार्य आवृत्तीबदलाचे असावे. ५.१ मधील ओळ दोन्ही भाषांत चालवून पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. त्यातून मिळणारा धडा दीर्घकाळ टिकतो.

(२) ‘ऑप्शन स्ट्रिक्ट’ हा पर्याय चालू ठेवण्याची सवय लावावी. मूळ मांडणीत तो बंद असतो. तो चालू केला की ५९.५ चे ६० होऊ न देता कंपायलर तेथेच अडवितो. म्हणजे अबोल बदलांपैकी काहींना बोलके करण्याचे साधन भाषेतच आहे.

(३) वाणिज्य शाखेस परिचित असलेली समांतर चाचणी येथेही वापरावी. गतवर्षीची संपूर्ण माहिती जुन्या व नव्या दोन्ही आज्ञावलींना द्यावी आणि निघालेली पत्रके ओळीगणिक ताडून पाहावीत. चाचणीत ५९.५ सारख्या सीमारेषेवरील किमती, अखेरचे पैसे आणि गर्दीचा ताण हे तिन्ही घटक मुद्दाम समाविष्ट करावेत.

(४) सर्व आज्ञावली एकाच वेळी बदलण्याचा आग्रह धरू नये. सहाव्या आवृत्तीतील घटक डॉट नेटमधून वापरण्याची सोय उपलब्ध आहे. तिच्या आधारे एकेक भाग नेता येतो.

११. निष्कर्ष

१. व्हिज्युअल बेसिक डॉट नेटने दिलेली वैशिष्ट्ये, विशेषतः त्रुटी हाताळणी, वारसा व युनिकोडचा आधार, ही मौलिक होती व स्थित्यंतर समर्थनीय होते.

२. आवृत्तीबदलाचा खर्च कंपायलरने दाखविलेल्या त्रुटींच्या संख्येवरून मोजणे दिशाभूल करणारे आहे. खरा धोका अर्थ बदललेल्या, परंतु वैध राहिलेल्या ओळींत असतो.

३. यांत्रिक रूपांतर शब्द बदलते. गृहीते व साठविलेली माहिती तपासण्याची जबाबदारी संस्थेची व आज्ञावली जाणणाऱ्या व्यक्तीची राहते.

४. ‘चालते’ आणि ‘बरोबर चालते’ यांतील भेद विद्यार्थ्याच्या मनावर ठसविणे हे संगणकशिक्षणाचे एक मूलभूत उद्दिष्ट मानले जावे.

आज्ञावली पडद्यावर न अडखळता चालली म्हणजे काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु निकालपत्रकातील एका अंकावर विद्यार्थ्याचा वर्ग, आणि वेतनपत्रकातील एका ओळीवर कुटुंबाचा महिना अवलंबून असतो. तो अंक जुना की नवा, यापेक्षा तो खरा आहे की नाही हे पाहण्याची दृष्टी देणे, हे काम कोणतीही नवी आवृत्ती करणार नाही. ते अध्यापकालाच करावे लागेल.